फर्नेसचा दिवा कसा वाचायचा

नमस्कार मंडळी. शिकागो, टोरांटो, मिनिआपोलिस अशा शहरांत ऐन जानेवारीत घर तापवणारी गॅसची फर्नेस बंद पडली, की पुष्कळ जण घाईघाईने तिचं खालचं झाकण ओढून काढतात. ते आधी करू नका. झाकणामागे एक दार-स्विच असतो. झाकण निघालं की वीज तुटते आणि बऱ्याच बोर्डांवर नोंदलेला बिघाडही त्याबरोबर पुसला जातो. झाकणावर बहुधा एक छोटी काच असते. तिच्यातून आत पाहा, फर्नेस चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डावरचा दिवा दिसेल. दोन विरामांच्या मध्ये तो किती वेळा लुकलुकतो ते दोन-तीनदा मोजा, फोनवर व्हिडिओ घ्या. मग झाकण काढा. सांकेतिक तक्ता बहुधा त्याच्याच आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

तक्ता तुमच्याच फर्नेसचा हवा. कॅरियर कंपनीच्या अनेक फर्नेसमध्ये आकडा दोन अंकी असतो: आधी छोटे लुकलुकाट, मग लांब. तीन छोटे आणि एक लांब म्हणजे ३१, म्हणजे प्रेशर स्विचची तक्रार. ट्रेन (Trane) कंपनीच्या अनेक मॉडेलांत तीच तक्रार नुसत्या तीन लुकलुकाटांनी कळते. तिथे दिवा एकसारखा सावकाश लुकलुकत असेल, तर सगळं ठीक आहे.

दिवा सांगतो तो क्रम कुठे अडला एवढंच. कुठला भाग बदलायचा, ते तो सांगत नाही. क्रम असा: थर्मोस्टॅट २४ व्होल्टचा निरोप देतो. धूर बाहेर ओढणारी इंड्यूसर मोटर सुरू होते. ओढ पुरेशी झाली की ती जोखणारा प्रेशर स्विच मिटतो, म्हणजे त्यातून वीज पुढे जाते. गॅस पेटवणारा इग्नायटर तापून लाल होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, फ्लेम सेन्सरला ज्योत कळते आणि थोड्या वेळाने गरम हवा घरात ढकलणारा ब्लोअर फिरू लागतो.

प्रेशर स्विचचा इशारा आला की लोक स्विचच बदलतात. तो क्वचितच दोषी असतो. पांढऱ्या प्लास्टिक पाइपांची, जास्त कार्यक्षमतेची फर्नेस असेल तर आधी बाहेर जा. भिंतीतून निघालेल्या पाइपांच्या तोंडाशी बर्फ साचलाय का ते पाहा आणि हाताने मोकळं करा. मग आत धुरातून सुटलेलं पाणी वाहून नेणारी नळी आणि तिचा ट्रॅप (थोडं पाणी अडवून ठेवणारा भाग) तपासा. ट्रॅप तुंबला की पाणी मागे चढतं, ओढ कमी होते आणि स्विच मिटत नाही. स्विचला जोडलेली रबरी नळी चिरली असेल किंवा तिच्यात पाणी असेल, तरी हाच इशारा येतो. हे सगळं ठीक असेल तरच मोटर आणि स्विचकडे वळा.

बर्नर पेटतो, काही सेकंदांत विझतो, पुन्हा पेटतो. हे बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर चढलेल्या थरामुळे होतं. ज्योतीतून वाहणारा विद्युतप्रवाह जेमतेम काही मायक्रोअँपिअर असतो आणि पातळ थरसुद्धा तो अडवतो. काही प्रयत्नांनंतर बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे पेटवणं थांबवतो. अनेक बोर्ड एक ते तीन तासांनी स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून घर मधूनच तापतं आणि मधूनच गार पडतं. वीज आणि गॅस बंद करा, एका स्क्रूवर बसलेली सेन्सरची कांडी काढा, बारीक स्टील वूलने हलकेच घासा, पुसून परत बसवा. शेजारच्या इग्नायटरला हात लावू नका, तो फार ठिसूळ असतो.

लिमिट स्विचचा इशारा म्हणजे आत उष्णता कोंडते आहे. हवेचा फिल्टर काढून उजेडासमोर धरा; पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो बदला. वापरात नसलेल्या खोल्यांतल्या गरम हवेच्या झडपा बंद केल्या असतील तर उघडा. वीज वाचेल म्हणून त्या बंद ठेवण्याची आपली सवय फर्नेसला सोसत नाही.

दिवा अजिबात लागत नसेल तर फर्नेसजवळचं बटण, ब्रेकर आणि नीट न बसलेलं झाकण पाहा. मग बोर्डावरचा गाडीत असतो तसा चपटा फ्यूज पाहा. तो ३ किंवा ५ अँपिअरचा असतो. जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा जळाला तर २४ व्होल्टच्या तारांमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे.

दोन इशाऱ्यांवर मात्र घरी काही करू नका. रोलआउट म्हणजे ज्योत बर्नरच्या जागेबाहेर आली. त्याचं कारण तुंबलेली चिमणी किंवा तडकलेला हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) असू शकतं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका. रीसेटचं बटण दाबून पुन्हा चालू करू नका. दुसरा इशारा, मागणी नसताना ज्योत असल्याचा. तेव्हा गॅस व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसण्याची शक्यता असते. फर्नेसजवळचा गॅसचा नळ बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅस कंपनीला बाहेरूनच फोन लावा.