एकट्याच्या प्रवासातली माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून आपण कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव अभिमानाने घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेली त्यांची 'म्हादेई' वाटेत अवघ्या चार बंदरांना लागली आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परतली. आज मला कृतज्ञतेने आठवण करायची आहे ती, त्या नौकेवर नसलेल्या पण ज्यांच्यावाचून ती किनारा सोडूच शकली नसती अशा माणसांची.

व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी हा ध्यास घेतला तेव्हा ते नौदलातून केव्हाच निवृत्त झाले होते. समुद्रापासून कितीतरी आत, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहणाऱ्या या वयोवृद्ध माणसाने भारतीय खलाशाने भारतातच बांधलेल्या नौकेतून जगाला वळसा घालावा, हे स्वप्न तडीस जाईपर्यंत सोडले नाही. नौका बांधली गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांनी, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर. अशी नौका त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यांवर फायबरग्लासचे थर चढवून उभी राहिलेली ती ५६ फुटांची नौका पाहिली की मला त्या कारागिरांचे हात आठवतात, कारण दक्षिण महासागराच्या लाटांत खलाशी आणि मृत्यू यांच्यामध्ये असते ती एवढीच भिंत, आणि तिच्यातला एखादा सांधा घाईने बसवला असेल तर ते समुद्रालाच पहिल्यांदा कळते. दोंदे यांच्या या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी पुढे २०१२-१३ मध्ये याच 'म्हादेई'तून कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले, तेव्हा मदतीला दोंदे होते.

याच अभिलाष टॉमींवर सप्टेंबर २०१८ मध्ये जिवावरचा प्रसंग आला. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली त्यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उठता येत नव्हते, हे त्यांनी तुटक शब्दांच्या संदेशाने कळवले. त्याच वादळात आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांचीही नौका उलटून डोलकाठ्या गेल्या होत्या, तरी कामचलाऊ काठी उभारून ते टॉमींच्या दिशेने निघाले. स्वतःचीच सुटका कशी करावी हा प्रश्न असताना दुसऱ्याकडे नौकेचे नाक वळवणे म्हणजे काय, हे समुद्रावर वावरलेल्या माणसालाच पुरते समजेल. भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली, भारताची आणि ऑस्ट्रेलियाची जहाजे निघाली, पण सर्वांत आधी पोहोचले ते 'ओसिरिस' हे मासेमारीवर देखरेख ठेवणारे फ्रेंच जहाज. २४ सप्टेंबरला त्याच्या खलाशांनी लहान होडीतून त्या हेलकावणाऱ्या नौकेला गाठले आणि आत जागचे हलताही न येणाऱ्या टॉमींना स्ट्रेचरवर घालून अलगद बाहेर काढले. मग त्यांना हिंदी महासागरातल्याच अॅमस्टरडॅम बेटावर उपचारांसाठी नेले. ना भाषेची ओळख, ना देशाची.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभे राहून टॉमी २०२२ च्या शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. आवटींना हे पाहता आले नाही, नोव्हेंबर २०१८ मध्येच ते गेले. पण 'ओसिरिस'च्या खलाशांनी टॉमींना समुद्रातून परत आणले ते त्यांच्या हयातीतच, याचे मला फार समाधान वाटते.

नमस्कार.