पान फाडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या शहापुरात आमचं किराणा मालाचं दुकान होतं. आण्णांच्या गादीशेजारी लाल कापडी बांधणीची खातेवही असायची. उधारी फिटली की आण्णा त्या पानावर आडवी रेघ ओढायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. पान मात्र फाडायचे नाहीत. "माणूस परत येतंय की," म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात मी माझं फेसबुकचं खातं कायमचं काढून टाकलं, तेव्हा ती वही मला सारखी आठवत होती. तिथंही रेघ ओढणं वेगळं आणि पान फाडणं वेगळं. डीॲक्टिव्हेट केलं तर तुमचं पान लोकांना दिसत नाही, खरं कंपनीकडे ते जसंच्या तसं राहतं. पुन्हा लॉगिन केलं की सगळं परत. मेसेंजर तर मधल्या काळातही वापरता येतो. डिलीट म्हणजे पान फाडणं. पुष्कळ जण पहिलं करतात आणि दुसरं झालं असं समजून निर्धास्त राहतात. फोनमधून नुसतं ॲप काढलं, तर यातलं काहीच झालेलं नसतं.

मी हे का केलं ते सांगते. बत्तीस वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं. माझी मुलं आज पुण्यात आहेत, गोव्यात आहेत, कोल्हापुरात आहेत; काही खानापूर भागात आपापल्या गावीच राहिली. सगळ्यांची गाठ फेसबुकवर पडायची. कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत. माझी मित्रयादी सगळ्यांना दिसेल अशी उघडी होती. ती झाकता येते, हे मला ठाऊकच नव्हतं. कुणीतरी माझाच फोटो आणि माझंच नाव लावून दुसरं खातं उघडलं आणि त्या यादीतल्या मुलांना मेसेज टाकले, दवाखान्यात आहे, तातडीनं पैसे हवेत. बहुतेकांनी आधी मला फोन केला. जांबोटीकडच्या एकानं केला नाही. त्यानं पाच हजार पाठवून दिले. नंतर म्हणाला, "बाई, तुम्ही कधी काही मागितला नाहीत. मागितलं म्हणजे नड असणार, म्हणून विचारत बसलो नाही." दिवसभर गवंड्याच्या हाताखाली राबणारा मुलगा आहे तो. मला कळेपर्यंत चार दिवस उलटले होते. आम्ही दोघांनी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, खरं पैसे आले नाहीत. अशा वेळी पहिल्या तासाला मोल असतं, म्हणून तो आकडा आत्ताच लिहून ठेवा. एक, नऊ, तीन, शून्य.

आणि हे नीट ऐका. आपलं खरं खातं काढल्यानं खोटं खातं जात नाही. त्या खोट्या खात्यावर जाऊन, ते आपलं सोंग घेतंय असा रिपोर्ट वेगळा करावा लागतो. तो आधी करा, ओळखीच्यांनाही करायला लावा. मी खोटं खातं गेल्याची खात्री करून घेतली, मगच स्वतःच्या खात्याकडे वळले.

मग सामान आवरायचं. आपले फोटो, लिहिलेलं सगळं उतरवून घेण्याची सोय फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये, अकाउंट्स सेंटरमध्ये आहे. तिथं कुठल्या तारखांपासूनचं हवं ते विचारतात. सगळा काळ निवडा, नाहीतर थोडंच हाती लागेल. फोटोंचा दर्जा 'हाय' ठेवा. फाइल एचटीएमएल प्रकारात मागा, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. फाइल तयार व्हायला वेळ लागतो आणि तयार झाल्यावर ती उतरवून घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. माझा भाचा पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि आम्ही दोघं संध्याकाळभर ते फोटो बघत बसलो. त्यात २०१३ चा एक निघाला. आई मांडे करतेय. चुलीवर खापर उपडं घातलंय, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेत आणि दोन्ही हातांवर मांडा पसरलाय, इतका पातळ की त्यातून मागचा जाळ दिसतोय. ज्या फोनवर तो काढला, तो फोन कधीच गेला. आई जाऊनही सहा वर्षं झाली. आधी डिलीट केलं असतं, तर तो फोटोही गेला असता. खडेबाजारातून तो मोठा करून आणलाय.

दुसऱ्यांचं सामानही आपल्याकडे असतं. आमच्या बचत गटाचं पेज माझ्या खात्यावरून चालायचं. पापड, शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीचे तीळगूळ, सगळ्या ऑर्डरी त्यावर यायच्या. पेजचा पूर्ण ताबा एकट्या तुमच्याकडे असेल, तर तुमच्या खात्याबरोबर ते पेजही कायमचं जातं. गटातल्या दुसऱ्या बाईंना ताबा देऊन, त्यांच्या फोनवर पेज उघडून बघितलं, तेव्हा मला झोप लागली. फेसबुकनं लॉगिन केलेली इतर ॲप्सही बघून ठेवा, तिथली दारं बंद होतात.

आता प्रत्यक्ष काढणं. अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल. तिथं डीॲक्टिव्हेट आणि डिलीट शेजारी शेजारी असतात, बोट जपून ठेवा. मेनूची नावं अधूनमधून बदलतात, हे दोन शब्द मात्र ओळखून ठेवा. यासाठी लॉगिन लागतं. म्हणून ज्यांचं खातं जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर आहे, त्यांनी नवा नंबर आजच जोडावा. शेजारी वडगावात एका विणकर काकांचं खातं असंच अडकून पडलंय. उघडताही येत नाही आणि मिटवताही येत नाही.

डिलीट म्हटलं की लगेच जात नाही. ३० दिवस मनधरणीचे असतात. तेवढ्यात लॉगिन केलं तर रद्द करता येतं. त्यानंतर सगळी माहिती पुसायला विनंतीच्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. इन्स्टाग्रामचंही असंच. माझे पहिले दहा-बारा दिवस सोपे गेले. मग गणपती बसले. पूर्वी या दिवसांत मुलांच्या घरची आरास मला बसल्या जागी दिसायची. पुण्यातल्या पोरांनी मखर कसलं केलं असेल, कुणाकडे पहिला गणपती असेल, जीव तुटायचा. मी फोन उचलला आणि एकेकाला फोन लावला. अकरा जणांशी बोलले. त्यांतल्या दोघांचा आवाज मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता.

व्हॉट्सॲपचं मात्र वेगळं आहे. तिथं मनधरणी नाही. खातं डिलीट केलं की ग्रुप, जुने मेसेज, बॅकअप सगळं जातं, परत आणता येत नाही. नुसता नंबर बदलायचा असेल तर 'चेंज नंबर'ची सोय वापरा.

आपलं आपल्यापुरतं ठेवण्याचा हक्क या देशात कुणी मागून घेतला, हेही आपल्या भागात माहीत असावं. याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, वयाची ऐंशी उलटल्यावर. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. पुढं २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत.

एक मात्र पुसलं जात नाही, आपण दुसऱ्याला पाठवलेले मेसेज. आण्णांची गिऱ्हाइकं घरी आपली छोटी वही ठेवायची, तसं ते. दिवाळीत निपाणीची मावशी आली होती. तिनं फोन माझ्यापुढं धरला. माझे दहा वर्षांचे वाढदिवसाचे मेसेज ओळीनं होते आणि वर नाव नुसतं 'फेसबुक युजर'.

"हे तूच ना गं?" तिनं विचारलं.

"मीच की," म्हटलं.

"मग असू देत," म्हणाली आणि फोन पिशवीत ठेवला.