डाळिंबाची साल, झिंक आणि तेल्या

(दृश्य: सटाण्याकडची बाग, पानावरचा तेलकट ठिपका जवळून)

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. नाशिकच्या या कसमादे पट्ट्यात 'तेल्या' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पानावर आधी पाणी मुरल्यासारखा ठिपका, मग तो काळपट होतो. फळावर आला की साल तडकते. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे डाळिंबाला होणारा हा रोग. पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, छाटणीच्या कात्रीनेही. नुसतं बुरशीनाशक मारून भागत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा, बीकर)

या जिवाणूला झिंकची भुकटी आवरेल का, हे पाहायचं म्हणून डाळिंबाची वाळवलेली साल दळून पाण्यात उकळली, काढा गाळला. कोऱ्या चहाच्या रंगाचा, टॅनिनने, म्हणजे सालीतल्या तुरट घटकाने भरलेला. त्यात झिंक नायट्रेट घालून गरम करत ढवळत राहायचं. घट्ट झालेला लगदा वाळवून ४०० ते ५०० अंशांच्या भट्टीत गेला, की हाती येते पांढरट भुकटी. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण. १०० नॅनोमीटरहूनही लहान.

डाळिंबाचे औषधी गुण भुकटीत उतरले, असं हौसेने सांगितलं जातं. एवढ्या भट्टीत सालीतलं सेंद्रिय बहुतेक जळूनच जातं! टॅनिनचं काम त्याआधीचं: झिंकला धरून ठेवायचं, कणांना एकमेकांना चिकटून वाढू द्यायचं नाही. शिवाय झिंक नायट्रेट कारखान्यातलंच. ते तापताना नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो, म्हणून भट्टीवर धूर ओढून घेणारी सोय लागते. या पद्धतीला 'हिरवी' म्हणणाऱ्या पोस्टरवरच्या पानांमध्ये हा धूर कधी दिसत नाही.

(दृश्य: पेट्री डिश)

अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, जिवाणूंचा थर, त्यात पाडलेली छोटी विहीर, विहिरीत पाण्यात कालवलेली भुकटी. भोवती जिवाणू वाढले नाहीत, तर स्वच्छ कडं दिसतं. भुकटीतून झिंकचे आयन सुटतात, कणांवर ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि पेशीचं आवरण फाटतं. पण कड्याच्या रुंदीवर फार विसंबू नये. झिंक ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं, अगारमध्ये फारसं पसरत नाही. किती मात्रेत वाढ थांबते, हे द्रवात वेगळं मोजावं लागतं. शेजारी बाजारातलं साधं झिंक ऑक्साइड आणि नुसता काढा ठेवल्याशिवाय काढ्याने काय साधलं ते कळत नाही.

अशा चाचण्या बहुधा ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूंवर होतात. तेल्याच्या जिवाणूची प्लेट वेगळी लावावी लागते. त्यानंतर कुंडीतलं रोप, मग बाग. आणि बागेत आधी हे पाहायचं, की जिवाणूला आवरणारी मात्रा डाळिंबाच्या कोवळ्या पालवीला सोसते का.