समुद्रात बुडालेली ब्रिगेड: ओकिनावाच्या 44व्या शिबंदीची गोष्ट

नमस्कार! आधी नकाशा बघा. हा वर जपानचा क्युशू, हे खाली तैवान, आणि मधल्या बेटांच्या माळेत हे ओकिनावा. दक्षिणोत्तर साधारण 100 किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या वसंतात इथे जपान आणि अमेरिकेची जी लढाई झाली तिच्यावर तासन् तास बोलता येईल. पण आज मी एकच धागा धरणार आहे: जपानी लष्कराची 44वी स्वतंत्र मिश्र ब्रिगेड.

‘स्वतंत्र मिश्र’ म्हणजे काय? आपल्या किल्ल्यांवर शिबंदी असायची ना, तसंच काहीसं. डिव्हिजनपेक्षा लहान फौज. पायदळ, त्याच्या जोडीला स्वतःच्या तोफा आणि इंजिनिअर. काम एकच, नेमून दिलेली जागा धरून बसायचं. 1944 मध्ये पॅसिफिकमधली बेटं एकेक करून हातची जायला लागली, तेव्हा जपानने अशा ब्रिगेडी घाईघाईने उभ्या केल्या.

44वीतले बहुतेक जवान क्युशूचे. जूनच्या अखेरीस त्यांना तोयामा मारू या जहाजावर चढवलं. जहाज माणसांनी खच्चून भरलेलं, आणि त्यातच पेट्रोलची पिंपं. 29 जून 1944 ला तोकुनोशिमा बेटाजवळ स्टर्जन या अमेरिकन पाणबुडीने टॉर्पेडो सोडले. पेट्रोलने पेट घेतला. जहाजावर सुमारे 6,000 माणसं होती. वाचली ती 600 च्या आसपास.

ओकिनावाच्या वाळूला पाय लागायच्या आधीच ब्रिगेड संपली होती. पण लष्कराच्या कागदावर ती जिवंत होती, आणि त्या रिकाम्या जागा कुणीतरी भरायच्या होत्या. त्या कुणी भरल्या, हा माझ्यासाठी या गोष्टीतला खरा प्रश्न आहे.

काही जागा 15व्या स्वतंत्र मिश्र रेजिमेंटने भरल्या. समुद्राचा भरवसा उरला नव्हता, म्हणून 6 ते 11 जुलैच्या दरम्यान ही अख्खी रेजिमेंट विमानांनी ओकिनावात आणली. जहाजातून वाचलेले, क्युशूहून आलेले नवे जवान आणि भरती केलेले ओकिनावाचेच लोक, यांना एकत्र करून ‘दुसरं पायदळ युनिट’ पुन्हा उभं केलं. ब्रिगेडचे प्रमुख होते मेजर जनरल सुझुकी शिगेजी. एकूण संख्या भरली जेमतेम 5,000.

पुढे 32व्या आर्मीची, म्हणजे ओकिनावा राखणाऱ्या जपानी फौजेची, 9वी डिव्हिजन तैवानला हलवली गेली आणि बेटावरची फौज आणखी विरळ झाली. मग 17 ते 45 वयाच्या गावकऱ्यांना होमगार्ड म्हणून ओढलं, शाळांमधली पोरं ओढली. आणि याच आर्मीने एप्रिल 1945 मध्ये हुकूम काढला: जो ओकिनावाच्या भाषेत बोलेल तो हेर समजला जाईल. आईशी ज्या भाषेत बोलायचं, ती तोंडातून निघाली की गुन्हा. ज्यांच्याकडून रक्त मागितलं, त्यांच्या बोलीवरच हा संशय. मला हे वाचून फार अस्वस्थ व्हायला होतं.

1 एप्रिलला अमेरिकन सैन्य उतरलं तेव्हा ब्रिगेड एका जागी नव्हतीच. ‘दुसऱ्या पायदळ युनिट’चे लोक कर्नल उदोंच्या हाताखाली उत्तरेला, मोतोबुच्या डोंगरात. एक बटालियन समोरच्या इए बेटावर. तिथे सहा दिवस लढाई चालली, आणि भाले घेतलेल्या गावातल्या बायकाही हल्ल्यात उतरल्या होत्या. उरलेली ब्रिगेड दक्षिणेला. एप्रिलअखेर तिला तिथून उचलून नाहा या मुख्य शहराजवळच्या आघाडीवर आणलं.

आता जरा जवळून बघू. ही टेकडी. जपानी कागदपत्रांत ‘आसातो 52 उंचवटा’, अमेरिकन नाव शुगर लोफ. समोरच्या जमिनीपासून जेमतेम 50 फूट. आपल्याकडे कुणी तिला टेकडीसुद्धा म्हणणार नाही. पण 15व्या रेजिमेंटने ती आतून पोखरली होती. मशिनगन समोर आणि उखळी तोफा पाठच्या उतारावर, शत्रूला दिसणारच नाहीत अशा. शेजारच्या दोन टेकड्याही तशाच. एकीवर चढावं तर बाकी दोन्हींवरून मारा. 12 ते 18 मे, आठवडाभर अमेरिकन मरीन सैनिक वर जात होते आणि परत ढकलले जात होते. या टेकडीच्या लढाईत 2,662 मरीन मेले किंवा जखमी झाले. आणखी 1,289 जणांना लढाईच्या मानसिक आघातामुळे मागे न्यावं लागलं.

मेअखेर माघार. ब्रिगेडचे जे उरले होते, त्यांना दक्षिण टोकाला, याएजु-दाकेच्या कड्यावर शेवटच्या फळीची पूर्व बाजू दिली. आजूबाजूच्या गुहांमध्ये हजारो नागरिक आसरा घेऊन होते, आणि तोफगोळे सैनिक-नागरिक दोघांवर सारखेच पडत होते. जूनच्या मध्याला ती फळी फुटली. ब्रिगेड दुसऱ्यांदा संपली. या वेळी पुन्हा भरती झाली नाही.

लष्करात ओढलेले 28,228 ओकिनावावासी या लढाईत गेले. नागरिक वेगळे, सुमारे 94,000.

शुगर लोफ आजही आहे. माथ्यावर पाण्याची टाकी, खाली दुकानं, जवळच ओमोरोमाचीचं मोनोरेल स्टेशन. हा भाग नव्याने वसवताना आसपासची माती उकरली, तेव्हा तिच्यातून माणसांची हाडं निघाली.