कराची 2013 : नळ, टँकर आणि ओरंगीचे नकाशे

[दृश्य : ओरंगी टाउन, सकाळ. अरुंद गल्ली.]

कराचीतल्या ओरंगी या मोठ्या, अनधिकृत वस्तीतली ही गल्ली नीट बघा. समोरून कुणी आलं तर भिंतीला टेकून वाट द्यावी, एवढीच रुंद. मधोमध मॅनहोलची झाकणं दिसतायत. ती सरकारने बसवलेली नाहीत. गल्लीतल्या वीस-तीस घरांनी वर्गणी काढली, चर खणले, पाइप टाकले.

1980 मध्ये समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी इथे ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. वाटणी सरळ होती. घरातलं शौचालय आणि गल्लीतलं गटार लोकांनी बांधायचं, पुढचा मोठा नाला सरकारने बघायचा. परवीन रहमान वास्तुरचना शिकून पंचविशीच्या आसपास या कामात आल्या आणि आयुष्यभर इथेच राबल्या. लोकांनी आपला वाटा उचलला. लाखभर घरांची सोय झाली.

[दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा.]

या कामाचा जीव नकाशात आहे. उतार कुठे, नाला कुठे, पाणी तुंबतं कुठे, हे वस्तीतल्याच तरुणांनी गल्लीगल्लीत फिरून मोजलं आणि कागदावर उतरवलं. सरकारी दप्तरात ज्या वस्त्यांची धड नोंदही नव्हती, त्या कागदावर आल्या. पुढे शहराच्या कडेच्या गोठांचे नकाशे झाले. सिंधीत गोठ म्हणजे गाव. जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना हे नकाशे खुपणारच होते.

[दृश्य : टँकरची रांग. जाड नळीतून पडणारं पाणी.]

मग पाण्याचा माग काढला गेला. सिंधू नदीचं पाणी कींझर तलावात येतं, धाबेजीला पंपांनी उचललं जातं आणि मोठ्या वाहिन्यांतून कराचीत पोचतं. वाटेत या वाहिन्यांना भोकं पाडून बेकायदा हायड्रंट उभे राहिले. हायड्रंटवर टँकर भरायचा, आणि ज्याच्या नळाचं पाणी पळवलं त्यालाच ते विकायचं. टँकरचं राजकारण आपल्यालाही नवं नाही, म्हणून ही नळी बघताना जास्त लागतं. असे हायड्रंट कुठे आहेत, तेही परवीन रहमान यांच्या संस्थेने नकाशावर मांडलं.

तक्रार न्यायची कुणाकडे? स्थानिक प्रतिनिधींची मुदत 2010 मध्येच संपली होती. नवी निवडणूक 2015 उजाडेपर्यंत झाली नाही.

[दृश्य : भिंतींवर पक्षांचे झेंडे, पोस्टर. बंद दुकानांची शटर.]

मे 2013 ची सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. पाकिस्तानी तालिबानने अवामी नॅशनल पार्टी (एएनपी), पाकिस्तान पीपल्स पार्टी (पीपीपी) आणि मुत्ताहिदा कौमी मूव्हमेंट (एमक्यूएम) या तीन पक्षांना उघड धमकावलं होतं. 3 मार्चला कराचीतल्याच अब्बास टाउनमध्ये स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसं गेली. 13 मार्चच्या संध्याकाळी ऑफिसमधून घरी निघालेल्या परवीन रहमान यांच्यावर गाडीतच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी चकमकीत एकाला मारलं आणि हाच खुनी म्हणून सांगितलं. न्यायालयीन चौकशीत हा तपास टिकला नाही. 2021 मध्ये काही जण दोषी ठरले, 2022 मध्ये सिंध उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं.

11 मेला मतदान झालं. त्या दिवशीही कराचीत एएनपीच्या कार्यालयाजवळ स्फोट झाला.

[दृश्य : पुन्हा तीच गल्ली. एक बाई मॅनहोलचं झाकण सरकवून आत वाकून बघते आहे. निवेदन नाही.]