पाणी नसलेलं बेट

(पडद्यावर: कणकुंबीचा रस्ता, जुलैचा पाऊस.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातल्या वाड्या. आषाढ लागला की इथली पायवाट नाल्यात जाते, आजारी माणसाला बाजेवर घालून न्यावं लागतं. पाऊस ओसरला की वाट मोकळी.

प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटाला अशी वाटच नव्हती. १७७५ च्या सुमारास तिथं वादळ आलं, मागोमाग उपासमार. जेमतेम वीस माणसं उरली. कणगी वाहून जावी आणि मूठभर भात हाती राहावं, तसं. पुढचं सगळं शिवार त्याच मुठीतलं.

उरलेल्यांत बेटाचा राजा होता. त्याच्याकडे एक सदोष जनुक होतं, पण त्याला स्वतःला त्रास नव्हता. असं जनुक आई किंवा बाप, एकाच बाजूनं आलं तर दबून राहतं; दोन्हींकडून आलं की दोष उघड होतो. राजाची वंशवेल फोफावली, आपसातच लग्नं झाली आणि काही पिढ्यांनी ज्यांना रंगच दिसत नाहीत अशी मुलं जन्मली. उन्हात त्यांचे डोळे उघडत नाहीत. रात्रीच्या मासेमारीला मात्र ती जातात! बेटावर याला 'मस्कुन' म्हणतात. जगात हा दोष तीस-चाळीस हजारांत एखाद्याला. पिंगेलॅपला शंभरात चार ते दहा जणांना.

म्हणजे वादळानं माणसं कमी केली, पण जनुक पसरवलं ते राजघराण्यानं आणि सोयरिकींनी.

(पडद्यावर: खानापूरची बाजारपेठ, लग्नाचा मांडव.)

इथं समुद्र नाही. पण २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाज तपासले गेले. त्यातल्या ८१ समाजांत मूठभर पूर्वजांपासून वाढल्याची जनुकांतली खूण, तिच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली. समाजांची ही बेटं जातीबाहेर सोयरीक न करण्यातून तयार झालेली.

त्यात जवळची नाती. कानडी शेजाऱ्यांकडे 'अक्कन मगळू', म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, बायको म्हणून चालते. आपण नाकं मुरडतो. पण मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, हे आपल्याच आज्या सांगतात ना? मामा-भाचीत सरासरी चौथा हिस्सा जनुकं सारखी, आते-मामेभावंडांत आठवा.

बैठकीत देवक विचारलं जातं. पण देवक बापाकडून येतं. मामाच्या मुलीचं वेगळं निघतं, म्हणून बैठक पुढं सरकते. पण मुलाच्या आईचे आईवडील तेच मुलीचे आजी-आजोबा. त्यांच्यापैकी एकाचं दबलेलं जनुक दोघांत उतरलं असेल, तर प्रत्येक बाळंतपणात दोष उघड होण्याची शक्यता चारात एक.