वाळवंटात तांब्याची घुंगरं सापडली, मग ती बनवली कुठे?

नमस्कार मंडळी! ॲरिझोनाच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज फक्त त्याच्यावरच बोलायचं. होहोकाम कोण ते पटकन सांगतो, आजच्या फिनिक्सच्या आसपास सोनोरन वाळवंटात कालवे खणून मका पिकवणारे लोक, आत्ताच्या ओ'ओधम लोकांचे पूर्वज. त्यांच्या स्नेकटाऊनसारख्या वस्त्यांमध्ये तांब्याची छोटी छोटी घुंगरं निघालीत, साधारण इ. स. 900 नंतरची. खाली चीर, आत खडा. माझ्या आजोळी बैलाची घुंगुरमाळ होती, फोटो बघितला तेव्हा पहिली तीच आठवली.

आता कमेंट काय येते, "दादा, अमेरिकेतलं सगळ्यात जास्त तांबं ॲरिझोनात निघतं, मग त्यांनी तिथेच गाळलं असणार ना!" नाही हो. वस्तू सापडणं वेगळं, ती तिथे बनणं वेगळं. आमच्या घरी तांब्याचा हंडा आहे म्हणून आम्ही तांबट झालो का? पुण्यात तांबट आळीत गेलात की लांबूनच ठोकण्याचा आवाज येतो, कामाच्या खुणा लपत नाहीत. तसंच धातू गाळला की भट्टी उरते, मुशीचे, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्याचे तुकडे उरतात, मळी उरते, म्हणजे धातू काढल्यावर राहणारा काचेसारखा कचरा, आणि मळी तर शेकडो वर्षं टिकते. होहोकाम वस्त्या इतक्या खणल्या, घुंगरं मिळाली, पण हा पसारा नाही मिळाला.

दुसरं म्हणजे ही घुंगरं ठोकून नाही, ओतून केलेली. आधी मेणाचं घुंगरू, त्यावर माती, भाजलं की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत तांबं. ही कला पश्चिम मेक्सिकोत मुरलेली होती, मिचोआकान, हालिस्कोकडे, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्याही पुढे. तिथली घुंगरं आणि ही शेजारी ठेवून बघा. मकाव पोपट आणि पायराइट या चकचकीत खनिजाचे आरसेसुद्धा मेक्सिकोकडूनच यायचे.

आणि "त्यांना तांबं माहीतच नव्हतं" असं लिहिणाऱ्यांनो, तेही चूक! मॅलकाइट, ॲझुराइट ही तांब्याचीच खनिजं, हिरवी-निळी, ती हे लोक रंगासाठी वापरत होतेच. दगड म्हणून ओळखीचा होता, फक्त त्यातून धातू काढत नव्हते, एवढंच म्हणतोय मी.

उद्या तिथे मळी आणि मूस निघाली तर त्याच दिवशी नवीन व्हिडिओ करेन, थंबनेलवर मळीचाच फोटो टाकून.